प्रेशर कॅलिब्रेटरची हवा कुठे गळते, कुठे अडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेशर कॅलिब्रेटर म्हणजे माहीत असलेला दाब देऊन गेजसारखी दाबमापके तपासणारे उपकरण. ही उत्तरे हवेवर किंवा नायट्रोजनवर चालणाऱ्या दोन प्रकारच्या उपकरणांसाठी आहेत : बेंचवरचा ऑटोमॅटिक प्रेशर कंट्रोलर, आणि हॅन्ड पंपाला जोडलेला डिजिटल कॅलिब्रेटर. तेलाच्या दाबावर दोन गेजची तुलना करणाऱ्या कंपॅरेटरची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नाही. उपकरण बिघडले म्हणून जे काही दुरुस्तीला पाठवले जाते, त्यातला बराचसा दोष उपकरणाच्या बाहेर असतो : होस, फिटिंग, ओ-रिंग, पुरवठ्याची हवा, नाहीतर नुसती घाई. म्हणून शोध बाहेरून आत असा घ्या. कव्हरचे स्क्रू सगळ्यात शेवटी.

दाब दिल्यावर आकडा हळूहळू उतरतो. ही गळतीच आहे का?

लगेच तसे ठरवू नका. वायू दाबला की तापतो. मग तो होसच्या आणि गेजच्या भिंतींना उष्णता देत खोलीच्या तापमानाला येतो, आणि बंद जागेत तापमान उतरले की दाबही उतरतो. हिशेब सोपा आहे. २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान १ अंशाने बदलले, तर बंद वायूचा निरपेक्ष (निर्वातापासून मोजलेला) दाब ०.३४ टक्के बदलतो. गेजवर १० बार, म्हणजे निरपेक्ष ११ बार असताना, एका अंशाला सुमारे ३७ मिलिबार जातात. कुठेही गळती नसताना.

ओळखायचे कसे? दाब द्या, कॅलिब्रेटर मेजर मोडमध्ये (कंट्रोल बंद, फक्त मोजणी) ठेवा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. समजा पहिल्या मिनिटात १८ मिलिबार उतरले, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ३, चौथ्यात १. हा उतार मंदावत चालला आहे, म्हणजे हे तापमान आहे. पण दर मिनिटाला ६, ६, ६, ६ असे एकसारखे जात असतील तर ती गळती. दोन्ही एकत्र असतील तर सुरुवातीला उतार जास्त दिसतो आणि नंतर एका ठरावीक वेगावर अडकतो. तो उरलेला वेग गळतीचा.

आणखी एक खूण आहे. दाब वरून खाली आणल्यावर वायू थंड झालेला असतो, त्यामुळे बंद केल्यावर आकडा थोडा वर चढतो. गळती असती तर तो चढला नसता. कडक प्लास्टिक किंवा रबराचा होस असेल तर तोही दाबाखाली काही मिनिटे ताणत राहतो आणि गळतीसारखाच दिसतो. त्याच जागी स्टीलची नळी लावून पाहिली की हा संशय मिटतो.

किती गळती चालते?

ज्या गेजचे काम आहे त्याच्या परवानगीच्या चुकीवरून ठरवा. १६ बारच्या, क्लास १.० च्या (म्हणजे पूर्ण रेंजच्या १ टक्का चूक चालणाऱ्या) गेजला १६० मिलिबारची सूट असते. वाचन घ्यायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात १०-१५ मिलिबार उतरले, तर निकाल फारसा बिघडत नाही, कारण संदर्भ (म्हणजे कॅलिब्रेटर) आणि गेज दोन्ही तोच उतरता दाब पाहत असतात. पण त्याच रेंजच्या ०.०५ टक्क्याच्या ट्रान्समीटरला (दाबाचा विजेचा संकेत बनवणाऱ्या उपकरणाला) हीच सूट ८ मिलिबार उरते. तिथे तीच गळती खपवून घेऊ नका.

ऑटोमॅटिक कंट्रोलरबद्दल एक सावधगिरी. कंट्रोल मोडमध्ये तो गळलेली हवा भरत राहतो आणि पडद्यावर आकडा छान स्थिर दिसतो. होसच्या टोकाला गळती असेल तर होसमधून सतत प्रवाह चालू राहतो आणि कंट्रोलरच्या सेन्सरपाशी दाब जास्त, गेजपाशी कमी असा फरक पडतो. अरुंद होस असेल तर फरक आणखी वाढतो. म्हणून गळतीची चाचणी नेहमी मेजर मोडमध्ये, कंट्रोल बंद करून करा.

गळती आहे हे ठरले. ती नेमकी कुठे, हे कसे शोधायचे?

साबणाचे पाणी घेऊन सगळीकडे फासण्याआधी मार्गाचे तुकडे पाडा. क्रम असा ठेवा :

१. कॅलिब्रेटरच्या आउटलेटवरच प्लग लावा. दाब द्या, पाच मिनिटे थांबा, पुढची दोन मिनिटे आकडा पाहा. इथेच उतरत असेल तर दोष आत आहे किंवा प्लगच्या सीलमध्ये आहे. प्लगची ओ-रिंग बदलून एकदा पुन्हा पाहा.

२. आउटलेट ठीक निघाले तर होस लावा आणि होसच्या दुसऱ्या टोकाला प्लग.

३. मग मॅनिफोल्ड (एका होसला अनेक तोंडे देणारा ठोकळा) लावा, त्याची सगळी तोंडे बंद करून.

४. शेवटी गेज किंवा ट्रान्समीटर.

ज्या पायरीवर आकडा उतरू लागला तोच तुकडा दोषी. बहुतेक वेळा तो दुसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर सापडतो. चौथ्या पायरीवर सापडला तर गेजची बूर्डन ट्यूबही (दाबाने सरळ होऊ पाहणारी आतली वाकडी नळी) फुटकी असू शकते. तेव्हा फुगे फिटिंगवर दिसत नाहीत, गेजच्या केसमधून येतात.

तुकडा सापडला की मगच फेस लावा. गळती शोधण्यासाठी बनवलेले द्रावण मिळते, ते वापरा. घरातल्या कुठल्याही क्लीनरने काम भागवू नका, कारण अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळी फिटिंगला ताणाखाली तडे जातात. बारीक गळतीला फुगा यायला अर्धा ते एक मिनिट लागतो. ब्रश फिरवून लगेच पुढे गेलात तर ती सुटते. काम झाल्यावर जागा पुसून कोरडी करा.

एक गोष्ट सगळ्यांनाच गोंधळात टाकते : २ बारला गळते, १५ बारला गळत नाही. ओ-रिंग दाबानेच खोबणीच्या भिंतीवर घट्ट बसते. ती कडक किंवा चपटी झाली असेल तर कमी दाबाला नीट बसत नाही. म्हणून चाचणी एका दाबावर उरकू नका. रेंजच्या १० टक्क्यांना आणि १०० टक्क्यांना, दोन्हीकडे घ्या.

दाब असताना फिटिंग सैल करू नये, आवळूही नये. तेलापेक्षा दाबलेल्या वायूत कितीतरी जास्त ऊर्जा साठलेली असते, आणि आटे सुटले तर फिटिंग गोळीसारखी जाते. आधी व्हेंट (दाब बाहेर सोडणे), मग पाना.

फिटिंग कितीही आवळली तरी गळते. का?

बहुधा आटे जुळलेले नसतात. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) ही पाइपच्या आट्यांची दोन मापे. पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंची एनपीटीला १८ आटे आणि ६० अंश. एकात दुसरे दोन-तीन फेरे जाते आणि अडकते, तेव्हा जोर लावण्याचा मोह होतो. जोर लावला की आटे कायमचे खराब. अर्धा इंची आणखी फसवे आहे, कारण तिथे दोन्हींना इंचाला १४ आटे. ते छान शिरतात, घट्टही बसल्यासारखे वाटतात, आणि कोन वेगळा असल्याने गळत राहतात. आट्यांचा गेज खिशात ठेवायची सवय लावा.

टेफ्लॉन टेप फक्त निमुळत्या आट्यांसाठी असते. पहिला आटा मोकळा सोडून, आट्याच्या दिशेने, दोन ते तीन वेढे पुरतात. समांतर आट्यांचे सील टेपने होत नाही, ते तळाशी बसणाऱ्या डाउटी वॉशरने (रबराची कड असलेल्या धातूच्या वॉशरने) किंवा ओ-रिंगने होते. तिथे टेप गुंडाळणे म्हणजे गळती तशीच ठेवून वर टेपचे तुकडे आत ढकलणे. हेच पांढरे तुकडे पुढे सोलेनॉइड (विजेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटवर सापडतात.

डबल फेरूलची (नळीला दोन कड्यांनी पकडणारी) फिटिंग नव्याने बसवताना हाताने आवळून झाल्यावर पाव इंची नळीला सव्वा फेरा आणि अष्टमांश इंची नळीला पाऊण फेरा द्यायचा असतो. उघडून पुन्हा लावताना हा फेरा पुन्हा द्यायचा नाही. आधीच्या जागेवर आणून किंचित आवळायचे, म्हणून उघडण्याआधी नट आणि बॉडीवर पेनाने रेघ मारून ठेवा.

हॅन्ड पंप मारतोय, पण दाब चढत नाही. किंवा चढतो आणि हँडल मागे येते.

आधी व्हेंट व्हॉल्व्ह बंद आहे का पाहा, आणि पंपावरचे दाब किंवा व्हॅक्यूम निवडणारे बटण मधल्या जागी तर अडकलेले नाही ना. मग लक्षणावरून ठरवा.

हँडल सोडल्यावर आपोआप मागे येत असेल तर पिस्टन आणि चेंबर यांच्यामधला बाहेर जाणारा नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह बसत नाही, म्हणून चढलेला दाब पिस्टनला ढकलतो. हँडल हलके चालते आणि आकडा जराही हलत नसेल तर आत घेणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे किंवा पिस्टनची ओ-रिंग गेली आहे. अमुक दाबापर्यंत चढतो आणि पुढे जात नाही, असे असेल तर पिस्टनची ओ-रिंग घासली आहे, किंवा जोडलेली जागाच (होस आणि गेजमधली पोकळी) पंपाच्या मानाने फार मोठी आहे. लांब होस काढून छोटा लावला की हे लगेच कळते.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये बहुतेक वेळा एखादा धातूचा कण किंवा टेपचा धागा असतो. काढा, लिंट न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सीट पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा नखभर, फक्त चमक येईल इतका थर द्या. जास्त ग्रीस कचरा धरून ठेवते. ॲसिटोन वापरू नका : नायट्राइल आणि व्हायटॉन दोन्हींच्या ओ-रिंग त्यात फुगून निकामी होतात. गंज सोडवणाऱ्या स्प्रेलाही इथे जागा नाही.

बारीक दाबासाठीचा व्हर्नियर नॉब काम सुरू करण्याआधी मधोमध आणून ठेवा. तो एका टोकाला असताना पंप मारला तर शेवटच्या क्षणी फिरवायला जागाच उरत नाही, आणि मग पंप खराब झाला असे वाटते.

ऑटोमॅटिक कंट्रोलर सेटपॉइंटला (ठरवून दिलेल्या दाबाला) पोचत नाही, किंवा पोचून वरखाली होत राहतो.

पोचत नसेल तर आधी पुरवठा पाहा. बहुतेक कंट्रोलरना रेंजच्या सुमारे ११० टक्के पुरवठा लागतो, नेमका आकडा उपकरणाच्या पुस्तिकेत असतो. २० बारच्या कंट्रोलरला २२ बार हवेत. कारखान्याची हवा ७-८ बारची असते, त्यामुळे तिथे बूस्टर किंवा नायट्रोजनचा सिलिंडर लागणारच. रेग्युलेटरवरचा आकडा उपकरण दाब भरत असताना पाहा, थांबलेले असताना नाही. स्थिर असताना २२ दाखवणारा रेग्युलेटर भरताना १७ वर कोसळत असेल तर त्याचा फिल्टर तुंबला आहे किंवा पुरवठ्याची नळी अरुंद आहे. उलट पुरवठा गरजेपेक्षा फार जास्त ठेवला तरी व्हॉल्व्ह बारीक मात्रा देऊ शकत नाही आणि दाब सेटपॉइंटच्या पुढे उडी मारतो.

वरखाली होत असेल तर तीन कारणे तपासा : गळती, पुरवठ्यातली चढउतार, आणि जोडलेली जागा. फक्त आउटलेट प्लग लावला असताना जागा इतकी लहान असते की व्हॉल्व्हची एक टिचकीही जास्त होते. तिथे पन्नास-शंभर मिलिलिटरचा छोटा टँक जोडला की कंट्रोल शांत होतो. होस अरुंद आणि लांब असेल तर पलीकडचा दाब उशिरा पोचतो आणि कंट्रोलर त्याच्यामागे धावत राहतो. टँक जोडूनही हलणे थांबले नाही, तर मगच कंट्रोलच्या सेटिंगकडे वळा.

दाब खाली येत नाही, शून्यावर पोचतच नाही.

मागच्या एक्झॉस्टवरचा सायलेन्सर काढा आणि पुन्हा करून पाहा. तेलकट धुळीने तो तुंबतो. काढल्यावर उतरत असेल तर नवा लावा. तसे नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे वळा. व्हेंट करूनही ०.०१ बार उरतो, असे असेल तर ते बहुधा शून्य सरकलेले असते : व्हेंट उघडे ठेवून दोन मिनिटे थांबा आणि झिरो करा. झिरो करण्याआधी होस गेजपासून सोडा, नाहीतर अडकलेला दाबच शून्य म्हणून नोंदला जाईल.

व्हॅक्यूम −१ बारपर्यंत जात नाही. पंप खराब आहे का?

कुठे बसून मोजता यावर ते आहे. गेज दाब हवेच्या दाबाच्या खाली तितकाच जातो जितकी डोक्यावर हवा आहे. मुंबईत ती सुमारे १०१० मिलिबार असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे ती ९५०च्या आसपास. म्हणजे उत्तम पंप लावला तरी पुण्यात −०.९५ बारच मिळणार, मर्क्युरीच्या मापात सुमारे −७१० मिलिमीटर. −७६० ची खूण असलेले गेज तिथे शेवटच्या खुणेपर्यंत कधीच पोचणार नाही. कॅलिब्रेशनचे बिंदू ठरवताना हे आधी लक्षात घ्या, म्हणजे नाहक पंप उघडावा लागत नाही.

स्थानिक हवेच्या दाबाच्या हिशेबानेही कमी पडत असेल तर तेलाच्या पंपाचे तेल पाहा. दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा घेऊन वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडून पंप २०-३० मिनिटे चालवा, तरीही निवळले नाही तर तेल बदला. पंप बंद करताना आधी मधला व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या बाजूला हवा सोडा. तसे केले नाही तर तेल नळीतून उलटे उपकरणाकडे ओढले जाते.

व्हॅक्यूमवर फेस लावून गळती शोधता येत नाही, तो आत ओढला जातो. आधी दाबावर चाचणी घ्या आणि मग व्हॅक्यूमवर तुकडे पाडा. दाबाला घट्ट बसणारा जोड व्हॅक्यूमवर गळू शकतो, कारण तिथे बल उलट्या दिशेचे असते.

पावसाळ्यात बिघाड वाढतात. हवेत काय बदलते?

पाणी. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफ होऊन असते, आणि कोकणपट्टीत असे दिवस महिनोन्महिने असतात. ती हवा ७ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली की तिची जागा आठ पटीने कमी होते आणि त्यातले सुमारे २२ ग्रॅम पाणी द्रवरूपात सुटते. ते कुठेतरी जायलाच हवे. ड्रेन न काढलेल्या टँकमधून ते थेट तुमच्या रेग्युलेटरमध्ये येते.

रेफ्रिजरेटेड ड्रायर सुमारे ३ अंश दवबिंदूची (म्हणजे ३ अंशांपर्यंत थंड झाली तरी पाणी न सुटणारी) हवा देतो. दररोजच्या कामाला ती चालते, पण सेन्सर आणि बारीक व्हॉल्व्ह असलेल्या कंट्रोलरला डेसिकंट (पाणी शोषणारे दाणे असलेल्या) ड्रायरची −४० अंशांची हवा द्यावी, आयएसओ ८५७३-१ मध्ये हा पाण्याचा दुसरा वर्ग आहे. तीही जमत नसेल तर नायट्रोजन हा सरळ उपाय. मात्र लहान बंद खोलीत एक्झॉस्ट खोलीतच सोडू नका, हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि ते आधी जाणवत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर यासाठी कधीही लावू नये : त्यात तेलाचा अंश पेट घेऊ शकतो.

टँकचा ड्रेन रोज सकाळी. पाच मायक्रॉनचा फिल्टर उपकरणाच्या अगदी जवळ, कारण जुन्या लोखंडी लाइनचा गंज मधल्या नळीतच सुटतो.

गेजमधून तेल किंवा पाणी उलटे आले. आता?

लगेच थांबा, वर दाब देऊन ते पुढे ढकलू नका. होस सोडा आणि तोंड खाली करून निथळू द्या. होस, ॲडॉप्टर आणि ट्रॅप धुऊन कोरड्या नायट्रोजनने सुकवा. पुढे कॅलिब्रेटरच्या आउटलेटमध्ये स्वच्छ पांढरे फडके फिरवून पाहा. ते तेलकट निघाले तर उपकरण सेवा केंद्राकडेच द्या, आत अल्कोहोल ओतू नका.

हे होऊ नये म्हणून वापरातून आलेले गेज आधी उलटे धरून रिकामे करा, आणि गेज व कॅलिब्रेटर यांच्यामध्ये गेजपेक्षा खालच्या पातळीवर कचऱ्याचा ट्रॅप ठेवा. दाब झटकन सोडू नका : झपाट्याने बाहेर पडणारी हवा गेजमधला थेंब ओढून आणते. ऑक्सिजन लाइनचे गेज असेल तर त्याला तेलाचा स्पर्श झालेला होस लावायचाच नाही, त्यासाठी वेगळा होस ठेवा.

मिलिबारच्या रेंजमध्ये आकडा सतत नाचतो. गळती तर सापडत नाही.

इथे गळतीपेक्षा तापमान आणि वारा जबाबदार असतात. बंद जागेतली हवा ०.१ अंशाने तापली की दाब सुमारे ०.३४ मिलिबार वाढतो. १० मिलिबारच्या रेंजमध्ये ही ३.४ टक्क्यांची चूक झाली, आणि त्यासाठी होसला हात लागणे पुरते. होस टेबलावर सपाट ठेवा, स्पर्श करू नका, एसीचा झोत आणि पंखा दुसरीकडे वळवा. होस आखूड आणि मधली जागा मोठी नसेल तर शांत व्हायला वेळ कमी लागतो.

संदर्भाचे पोर्ट (खोलीतल्या हवेला उघडे असणारे तोंड) पाहायला विसरू नका. कॅलिब्रेटर आणि ट्रान्समीटर दोघांची संदर्भ बाजू उघडी असेल तर दोन्ही पोर्ट एका छोट्या नळीने जोडा. मग दार उघडल्यावर येणारा धक्का दोघांना सारखाच लागतो आणि फरकात दिसत नाही.

सगळे घट्ट आहे, स्थिर आहे, तरी प्रत्येक बिंदूला २ टक्के चूक येते.

एकक तपासा. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.९८०६६५ बार. गेज एका एककात आणि कॅलिब्रेटर दुसऱ्यात असेल तर चूक प्रत्येक ठिकाणी जवळजवळ २ टक्के, एकसारखी येते. ०.२ टक्क्याची एकसारखी चूक असेल आणि संदर्भ डेडवेट टेस्टर (वजने ठेवून दाब तयार करणारे उपकरण) असेल तर गुरुत्व पाहा : मुंबईत ते सुमारे ९.७८६, आणि वजने ९.८०६६५ वर बनवलेली असतील तर दुरुस्ती केल्याशिवाय दाब ०.२१ टक्के कमी येतो.

दोष आतच आहे असे ठरले. आपण किती दूर जायचे?

वॉरंटी नसेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल तर सोलेनॉइडपर्यंत. वीज बंद, दाब पूर्ण काढलेला. व्हॉल्व्ह चालू-बंद करताना टक आवाज येतो का ऐका. आवाज येतो पण दाब गळतो, तर सीटवर कचरा आहे. आवाजच येत नाही, तर कॉइलचा विद्युतरोध ओहममध्ये मोजा आणि शेजारच्या तशाच कॉइलशी ताडून पाहा. दोन सारखे व्हॉल्व्ह अदलाबदल करा : दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह, जागीच राहिला तर बोर्ड. दाब सेन्सरला हात लावू नका, त्याच्या तोंडात सुई तर अजिबात नाही. पातळ डायफ्राम असतो, आणि वाकला की शून्यही हलते आणि उतारही (दाबाच्या प्रमाणात आकडा किती बदलतो ते).

दुरुस्तीनंतर पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते का?

होस, बाहेरची ओ-रिंग, सायलेन्सर, पुरवठ्याचा फिल्टर बदलला तर नाही. गळतीची चाचणी आणि दुसऱ्या संदर्भाशी तीन बिंदूंची तुलना पुरते, तिची नोंद ठेवा. सेन्सर मॉड्यूल उघडला, दाबाची मर्यादा ओलांडली गेली, किंवा आत तेल-पाणी गेले, तर हो. तेव्हा शक्य असेल तर दुरुस्तीच्या आधीचे आकडे घेऊन ठेवा. ते घेतले नाहीत तर मागच्या महिन्यांत दिलेल्या प्रमाणपत्रांचे काय, याचे उत्तर कुणालाच देता येत नाही.

बेंचवर कोणते सुटे भाग कायम असावेत?

आउटलेटच्या मापाच्या ओ-रिंग दहा, पाव आणि अर्धा इंची डाउटी वॉशर दहा-दहा, प्रत्येक आट्याचा एक प्लग, पंपाचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह एक जोडी, एक सायलेन्सर, एक नवा आखूड होस जो फक्त गळतीच्या चाचणीलाच वापरायचा. हा होस रोजच्या कामात घेतला की तो संदर्भ राहत नाही.